पातं साच्यातच घडतं

पोलाद बाजारात तयार मिळतं. पत्र्याबरोबर कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट येतं, त्यावर ताकदीचे आकडे छापलेले असतात आणि अभियंता ते आकडे धरून हिशेब मांडतो. पवनचक्कीच्या पात्याच्या बाबतीत अशी सोय नाही. आमच्याकडे येतात ते काचतंतूंच्या कापडाचे रोल आणि पिंपांतलं रेझिन. या दोहोंचं कॉम्पोझिट होतं ते साच्यात, पातं घडता घडता. वस्तू आणि तिचं साहित्य एकाच वेळी जन्माला येतात. पात्याचे गुण, त्याचे दोष आणि त्याच्या म्हातारपणीचा प्रश्न, सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पोलाद मुळात सोडावं का लागलं? अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात ग्रँडपाज नॉब नावाच्या डोंगरावर १९४१ साली स्मिथ-पुटनम पवनचक्की उभी राहिली. क्षमता १,२५० किलोवॅट, त्या काळात अचाटच. तिची दोन्ही पाती पोलादी, सुमारे २० मीटर लांब आणि प्रत्येकी आठेक टनांची. २६ मार्च १९४५ रोजी त्यातलं एक पातं बुडाशी तुटलं आणि डोंगरउतारावर भिरकावलं गेलं. आज व्हेस्टासच्या व्ही-९० यंत्राचं काचतंतू-कार्बनचं पातं ४४ मीटरचं असूनही सात टनांच्या आत बसतं.

हे हलकेपण म्हणजे पात्याच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे. फिरणारं पातं प्रत्येक फेरीत स्वतःच्याच वजनाने एकदा या अंगाला आणि एकदा त्या अंगाला वाकतं. वीस वर्षांत अशा फेऱ्या दहा कोटींच्या घरात जातात. वजन वाढलं की हा थकवाही वाढतो. त्यामुळे १९५७ मध्ये जर्मनीत उलरिख ह्युटर यांनी आपल्या १०० किलोवॅटच्या यंत्राला काचतंतूंची पाती बसवली, ती दिशा पुढे सगळ्या उद्योगाने धरली. ह्युटर मूळचे ग्लायडरचे रचनाकार, तेव्हा हलकं आणि ताठ यांचं गणित त्यांच्या हातातलं होतं.

पातं आडवं कापलं तर आत फारसं काही दिसत नाही. वरच्या आणि खालच्या कवचात लांबीभर पसरलेली तंतूंची जाड पट्टी असते, ती स्पार कॅप. दोन पट्ट्यांना उभं जोडणारी भिंत म्हणजे शिअर वेब. उरलेल्या कवचात दोन पातळ थरांमध्ये फोम किंवा बाल्साचं लाकूड भरतात. हे बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतं. वाऱ्याचा वाकवणारा भार बहुतेक सगळा स्पार कॅप उचलते, म्हणून आमचा जीव तिथे अडकलेला असतो.

कापड साच्यात अंथरताना थरावर थर बसतात आणि अंथरुणावरच्या चादरीला पडावी तशी एखादी सुरकुती पडते. उंची असते जेमतेम काही मिलिमीटर. पण त्या जागी तंतू सरळ राहत नाही. वाऱ्याने पातं मनोऱ्याकडे वाकतं तेव्हा मनोऱ्याकडच्या बाजूचे तंतू दाबले जातात, आणि दाबाखाली मुळातच वाकडा असलेला तंतू आणखी वाकतो. थर सुटायला सुरुवात होते ती इथूनच. एकदा रेझिन कडक झालं की सुरकुती आत कायमची गोठते. म्हणून अंथरणारा कामगार हाताचा तळवा कापडावरून फिरवत पुढे सरकतो. पुढे अल्ट्रासॉनिक तपासणी होते ती होतेच, पण बरेचसे दोष त्या तळव्यालाच सापडतात.

मग सगळ्यावर प्लॅस्टिकची बॅग चढते, कडा चिकटपट्टीने बंद होतात आणि पंप आतली हवा ओढून घेतो. पंप बंद करून गेजच्या काट्याकडे बघत थांबायचं. काटा घसरला तर कुठेतरी गळती आहे, ती सापडेपर्यंत रेझिनला हात लावायचा नाही. काटा स्थिर राहिला की रेझिनच्या नळ्या उघडतात आणि पांढरं कापड ओलं होत होत पारदर्शक बनतं. ही ओली कड सगळीकडे सारखी सरकली पाहिजे. मागे कोरडा ठिपका राहिला तर तिथे कॉम्पोझिट झालंच नाही, नुसतं कापड उरलं. पावसाळ्यात बाल्सा आणि कापड दमट हवेतला ओलावा धरतात, म्हणून शेडमधली हवा कोरडी राखावी लागते.

जे इतक्या मेहनतीने एकजीव केलं, ते पुन्हा वेगळं करायचं म्हटलं की आमचं कौशल्यच आडवं येतं. कडक झालेलं इपॉक्सी रेझिन वितळत नाही. पोलादी मनोरा भंगारात जातो, तांब्याला गिऱ्हाईक असतं, पात्याला कुणी विचारत नाही. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्परला पाती कापून चक्क पुरली गेली. सिमेंटच्या भट्टीत घातली तर रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काच क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या कच्च्या खड्यांत, मिसळते. हा मार्ग जर्मनीत वापरात आहे. सीमेन्स गामेसाने सौम्य आम्लात विरघळणाऱ्या रेझिनची पाती २०२२ मध्ये उत्तर समुद्रातल्या कास्कासी प्रकल्पात बसवली. ते रेझिन आदित्य बिर्ला समूहाच्या तंत्रज्ञानावर आधारलेलं आहे, म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही.

साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावरच्या सुरुवातीच्या लहान पवनचक्क्या आता वयस्क झाल्या आहेत. जुनी यंत्रं काढून मोठी बसवण्यासाठी केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये धोरणही आणलं. नव्या यंत्राच्या करारात क्षमता, दर, हमी यांची कलमं असतात. त्यात आणखी एक कलम हवं: उतरवलेलं पातं कुठे जाणार आणि त्याचा खर्च कोण देणार. गावकऱ्यांनी आणि ग्रामपंचायतींनी ते वाचल्याशिवाय सही करू नये.