सीताफळातला ळ

माझे अब्बा मांजरसुंब्याच्या चौफुल्यावर सीताफळं विकायचे. पावसाळा सरत आला की बालाघाटाच्या डोंगरातून टोपल्या यायच्या. बीडहून, केजहून, पाटोद्याहून, सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या तिथं थांबायच्या. अब्बा इतरांसारखे घसा फाडून ओरडायचे नाहीत. 'सीता' लांबवायचे, गाडीचं दार उघडेपर्यंत दम धरायचे आणि मग 'फल' हळूच खिडकीत सोडायचे. फळ नाही, फल. आमच्या घरच्या दखनीत ळ नव्हताच. ण सुद्धा पाहुण्यासारखा यायचा.

पुढे मी एका रेडिओ केंद्रावर हंगामी वृत्तनिवेदक झालो. पहिल्याच महिन्यात एक वरिष्ठ कौतुकानं म्हणाले, "तुमचं मराठी फार छान आहे हो, अजिबात वाटत नाही!" काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी बातम्या वाचेनासा झालो, फक्त ळ सांभाळू लागलो. दुष्काळ, मंत्रिमंडळ, धरणाची पातळी. वाक्यात पुढे कुठे ळ आहे तिकडेच डोळा. तो नीट निघाला की सुटलो.

एकदा घाटातल्या अपघाताची बातमी होती आणि तिच्यामागोमाग बाजारभाव. घरी गेलो तर अब्बा म्हणाले, "रास्ते पे आदमी मरे सो और प्याज का भाव, दोनो एकीच आवाज में बोल्या तू."

जेवण गेलं नाही त्या रात्री.

तोवर घसाही धरायला लागला होता. बुलेटिन संपेपर्यंत आवाज बसायचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतू ठणठणीत होते. त्यांनी मला मुंबईला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. मला वाटायचं, हे लोक तोतऱ्या मुलांना किंवा अर्धांगवायू झालेल्यांना बोलायला शिकवतात. ते तर करतातच. पण शिक्षक, कीर्तनकार, निवेदक असे आवाजावर पोट असणारेही त्यांच्याकडे जातात. आपल्याकडे या विद्येचं शिक्षण मुंबईच्या नायर रुग्णालयात 1966 पासून मिळतं. वांद्र्याला 1983 मध्ये निघालेल्या राष्ट्रीय संस्थेला तर अली यावर जंग यांचं नाव आहे. हैदराबादचा हा माणूस महाराष्ट्राचा राज्यपाल होता. निजामाच्या राज्यातून आलेल्या आम्हा मराठवाड्याच्या माणसांना उगाच आपलं वाटतं.

मॅडमनी माझं वाचन रेकॉर्ड केलं आणि संगणकावर आवाजाची रेघ दाखवली. पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात. अर्थाप्रमाणे हा आकडा वरखाली होतो, त्यालाच आपण चढउतार म्हणतो. माझी रेघ नेकनूरच्या माळासारखी सपाट. "तुम्ही जबडा आवळून वाचता," त्या म्हणाल्या. "कशाला घाबरता?"

मी ळ ची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. ळ त्यांनी दहा मिनिटांत शिकवला: जीभ मागे वळवायची, टाळूला टेकवायची, झटकन सोडायची. "जमेल सवयीनं. एखादा चुकला तर ऐकणारा मरत नाही. पण तुम्ही सगळं वाक्यच धरून ठेवलंय."

मग ग्लासभर पाण्यात नळी बुडवून आवाज काढत बुडबुडे काढणं, ओठ फुरफुरवणं. आमच्या पोरांना फार मजा वाटायची. 'आज मांजरसुंब्याला पाऊस पडला' हे वाक्य दर वेळी वेगळ्या शब्दावर जोर देऊन. आज पडला, काल नाही. मांजरसुंब्याला पडला, बीडला नाही. थांबायच्या जागी कागदावर पेन्सिलची उभी रेघ. खाकरणं बंद, कारण खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. कुजबुजही बंद, तिनं घशाला आराम मिळत नाही. मला मात्र सगळ्यात जड गेलं ते थांबणं. वाटायचं, थांबलो की कुणीतरी मला पकडणार.

एके दिवशी मॅडमनी विचारलं, "लहानपणी कुणाचा आवाज ऐकत राहावासा वाटायचा?" मी अमीन सयानी म्हणालो. 1952 मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेली त्यांची गीतमाला अब्बा लहानपणापासून ऐकत आलेले. सयानी मुलाखतींत सांगायचे की आकाशवाणीनं सुरुवातीला त्यांना हिंदीसाठी नाकारलं होतं, उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची झाक आहे म्हणून. फेब्रुवारी 2024 मध्ये ते गेले तेव्हा अब्बा दिवसभर गप्प होते.

"आणि घरातलं कुणी?"

मी अब्बांची आरोळी करून दाखवली. संगणकावरची रेघ डोंगर चढली, थांबली, उतरली.

"हेच की," मॅडम म्हणाल्या. "हा माणूस गिऱ्हाइकाकडे बघून बोलतो. तुम्ही परीक्षकाकडे बघून."

परत आल्यावर काही दिवसांनी पुन्हा अपघाताची बातमी हाती आली. ऊसतोडीला निघालेली माणसं, त्यांत एक पोरगा. मी पेन्सिलनं रेघा मारल्या. त्याच्या नावाआधी थांबलो. नावानंतरही. 'जवळ' मधला ळ निसटला की काय, मला आजही सांगता येणार नाही.

बाहेर आलो तर अब्बांचा फोन. उच्चाराचं काही बोलले नाहीत.

"वो बच्चे का नाम क्या बोल्या तू? अपने बाजू का तो नई था ना?"