धाव चढवायचे दिवस

पावसाळाभर पडवीत उभी राहिलेली दमणी दसऱ्याला हलवून बघा. आरा हलत नाही, सांधा दिसत नाही, धाव, म्हणजे चाकावरचं लोखंडी कडं, गच्च बसलेली. मालक खूश होतो आणि म्हणतो, "मिस्तरी, यंदा काही काम नाही." मी त्याला एवढंच सांगतो, की संक्रांत झाल्यावर पुन्हा बघा. दसऱ्याचं ते घट्टपण पाण्याचं असतं. चार महिने दमट हवा पिऊन बाभूळ फुगलेली असते आणि लोखंडी कड्यात दाटून बसलेली असते. मग ऑक्टोबरचं ऊन लागतं, त्यामागून खानदेशातला थंडीचा कोरडा वारा सुटतो आणि लाकडातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतो. चाक खडखडायला लागतं ते माघात. तेही घराजवळ नाही, तर वाघूर नदी ओलांडून साकेगावच्या पुढे गेल्यावर. गाडीत घरची मंडळी, शिधा आणि गोधड्या असतात आणि मुक्ताईनगर अजून लांब असतं.

दमणी म्हणजे माणसांची गाडी. शेणखत आणि कापूस वाहायला वेगळी गाडी असे. दमणी हलकी, वर तट्ट्याचं छप्पर, आत कडबा अंथरून त्यावर गोधडी. यात्रेत तीच घर व्हायची. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत कोथळी-मेहूणला मुक्ताईची आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाची यात्रा भरते. मुक्ताईनगरला जुनी माणसं अजून एदलाबादच म्हणतात. आमच्या नशिराबादहून साकेगाव, भुसावळ, वरणगाव असा रस्ता. आता त्यावर चारपदरी महामार्ग झाला आणि नशिराबादलाच टोलनाका बसला. तरी काही घरांतून अजून दमणी निघते आणि महामार्ग टाळून शिवाराच्या वाटांनी जाते. माझं काम त्या घरांसाठी आहे.

थंडीनं धाव सैल होते असं सगळेच म्हणतात. ते खरं नाही. थंडीत लोखंड आकसतं, म्हणजे झालीच तर धाव घट्ट होईल. साडेचार फुटी चाकाच्या धावेचा घेर चौदा फुटांच्या आसपास असतो. दुपार आणि पहाट यांत वीस अंशांचा फरक पडला तरी एवढ्या घेरात अर्धं सूतसुद्धा घटत नाही. घटतं ते लाकूड. बारा आऱ्यांचं चाक सहा पुठ्यांचं, म्हणजे घेराच्या सहा लाकडी तुकड्यांचं असतं, एका पुठीत दोन आरे. लाकूड उभ्या रेषेत जवळजवळ घटत नाही, म्हणून आऱ्याची लांबी तशीच राहते. आडव्या रेषेत मात्र ते चांगलंच आकसतं, म्हणून पुठीची उंची कमी होते. पुठी एक सूत उतरली की चाकाचा घेर सहा सुतांहून जास्त उतरतो. पाऊण इंच! शेतकऱ्याला वाटतं धाव वाढली. धाव होती तेवढीच असते.

यावर सोपा उपाय सगळ्यांना माहीत आहे: निघण्याच्या आदल्या रात्री चाकं हौदात किंवा पाटात टाकायची. सकाळी चाक घट्ट होतं हे खरं. पण ते एक-दोन दिवस टिकतं. वाटेत वारा लागला की पुन्हा सैल, आणि या वेळी जास्त, कारण फुगताना लाकडानं लोखंडाला रेटा दिलेला असतो, लोखंड हटत नाही, तेव्हा लाकडाचेच तंतू चेपतात. वर्षानुवर्षं पाण्यावर चालवलेलं चाक ओळखू येतं. पुठ्यांच्या कडा भुसभुशीत झालेल्या असतात आणि तुंब्यातल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यातल्या, आऱ्यांच्या भोकांत बोट फिरवलं तर लाकडाचा चुरा हाताला लागतो. अडीनडीला, शेतापर्यंत जायला पाणी ठीक आहे. बायकापोरं घेऊन दोन मुक्कामांच्या वाटेला निघायचं, तर धाव उतरवून आगीवर चढवावी. त्याला दुसरा इलाज नाही असं माझं ठाम मत आहे.

आगीच्या आधी सुकवणं. चाक उन्हात टाकू नये, तुंबा तडकतो. झाडाच्या सावलीत, वारा खेळेल असं टेकवून ठेवावं आणि तुंब्याच्या दोन्ही तोंडांना तेल चोपडावं, म्हणजे तिथून पाणी घाईनं निघत नाही. पौषात, लाकडातली पावसाळ्याची ओल निघून गेलेली असताना धाव बसवली, तर यात्रेपर्यंत ते फारसं घटणार नाही. दिवाळीत बसवलेली धाव माघात पुन्हा बोलायला लागते. म्हणून दिवाळीत आलेलं गिऱ्हाईक मी परत पाठवतो.

मग मोजणी. लाकडाचं एक वीतभर छोटं चाक असतं, दांडीला बसवलेलं, कडेला खडूची खूण. ते आधी पुठ्यांवरून बाहेरून फिरवायचं, मग धावेच्या आतून, आणि किती फेरे अधिक किती सूत ते मोजायचं. जुन्या चाकाला मी धाव लाकडापेक्षा साधारण अर्धा इंच कमी ठेवतो. सांधे फार उघडे असतील तर थोडी आणखी कमी. जास्त लोभ धरला तर आगीतून निघालेली धाव आवळताना आरे वाकवते आणि चाक एका बाजूला ताटासारखं खोलगट होतं. तेवढं माप काढायला धाव कापावी लागते. पूर्वी दोन्ही टोकं भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवून घणानं एकजीव करत, आता वेल्डिंगवाल्याकडे नेतो. वेल्डिंगचा सांधा नीट घासून घेतला तर टिकतो, त्यात कमीपणा काही नाही.

१९०८ च्या इम्पिरियल गॅझेटियरात नशिराबादला काचेच्या बांगड्या होत असल्याची नोंद आहे. आगीचं काम या गावाला नवं नाही. पण काचेची भट्टी वेगळी आणि धावेचा जाळ वेगळा. धाव तीन दगडांवर आडवी ठेवायची, खाली-वर गोवऱ्या रचायच्या आणि पेटवायला कापसाची पऱ्हाटी. कापूस निघून गेल्यावर या दिवसांत पऱ्हाटी रानोरान पडलेली असते, पण नुसत्या पऱ्हाटीवर धाव तापवू नये. ती भडकते आणि विझते, धाव एकीकडे लाल आणि एकीकडे काळी राहते. गोवरी हळू जळते आणि घेरभर सारखी धग देते. हे काम मी पहाटे, दिसायला लागायच्या आत करतो. तेव्हा वारा पडलेला असतो, आणि मुख्य म्हणजे अंधारात लोखंडाचा रंग कळतो. जेमतेम लाली दिसली की पुरे. त्या धगीला धाव इंचभर वाढलेली असते, आणि आपल्याला हवा असतो अर्धा इंच. दिवसाउजेडी लाल दिसेपर्यंत थांबलात तर ती केव्हाच गरजेपेक्षा जास्त तापलेली असते आणि लाकूड कोळसा करते. कडुनिंबाची वाळकी काडी टेकवून बघावी. टेकताच धूर निघून काडी घसरली पाहिजे.

पुढचं सगळं घाईचं. तीन माणसं, तीन सांडश्या, धाव उचलून चाकावर. एक बाजू बसली की समोरची घणानं ठोकायची. लाकडातून ज्वाळा निघतात, नवखा माणूस तिथे घाबरतो. घाबरू नये आणि थांबूही नये. बसली की लगेच पाणी, एका जागी नाही, चाकाभोवती फिरत फिरत. तेव्हा सांधे कडाकड वाजत मिटतात. मघापर्यंत नख जात होतं तिथे कागद जात नाही. इतकी वर्षं झाली, तरी तो आवाज आला की मी हातातलं सोडून चाकाजवळ वाकतो. चाक निवल्यावर छोट्या हातोडीनं घेरभर ठोकून ऐकावं. सगळीकडे एकच खणखणीत आवाज यायला हवा. एखाद्या जागी तो बसका आला तर तिथे पोकळी आहे.

वंगणाकडे लोक दुर्लक्ष करतात. चिंध्यांची राख एरंडेलात खलून केलेलं जुनं वंगण आख आणि तुंबा दोघांना मानवतं, पण एरंडेल मुळात दाट. थंडीच्या लाटेत जळगावचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा ते आणखी दाटतं, आणि पहाटे जुंपलेले बैल पहिला कोसभर नाहक दमतात. वंगणाचा नळा रात्री चुलीजवळ ठेवावा आणि कोमट वंगण घालून चाक हातानं आधी फिरवून घ्यावं. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीचं जुनं, धूळ खाल्लेलं वंगण मात्र आधी पुसून काढलं पाहिजे. त्यावरच नवं चोपडलं तर आख झिजतो.

तट्ट्या झटकल्याशिवाय आत हात घालू नका, विंचू असतो. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर द्या, नाडे ओढून बघा, कुजलेला नाडा बदला. बैलांनाही आधी दोन-चार दिवस रिकाम्या दमणीला जुंपून फिरवा.

रबरी टायरची डनलप गाडी आल्यापासून हे काम कमी झालं. डनलपला बैल कमी दमतो, हे मी मान्य करतो, आणि कापूस वाहायला तीच बरी. पण ज्यांच्या घरी आजोबांची दमणी अजून उभी आहे, त्यांनी ती भंगारात किंवा हॉटेलच्या दारात शोभेला देऊ नये. बाभळीचं चांगलं चाक दर काही वर्षांनी आगीतून गेलं तर माणसाच्या आयुष्याइतकं चालतं. यंदा दमणी काढायची असेल तर संक्रांतीच्या आठवड्यात चाकं उतरवून आणा, गोवऱ्या घरच्या आणा, आणि येताना घरातला एखादा तरणा मुलगा सोबत आणा. तिसरी सांडशी धरायला आता माणूस मिळत नाही. त्याला सगळं काम शिकवायची माझी तयारी आहे.