हातगाडीवर खाताना जात कुठे जाते?

मुंबई समजून घ्यायची असेल तर ती पायी फिरावी आणि भूक लागेल तिथे उभे राहून खावे. बाहेरगावच्या कार्यकर्त्यांना मी नेहमी एक वाट सांगते. दादर पूर्वेला खोदादाद सर्कलजवळ उतरा. हिंदू कॉलनीत राजगृह पाहा. टिळक पुलावरून पश्चिमेला या, फुलबाजाराच्या गर्दीतून रानडे रोड धरा, शिवाजी पार्क ओलांडा आणि चैत्यभूमीवर पोहोचा. रमतगमत तासाभराची वाट आहे. 6 डिसेंबरला याच परिसरातले रस्ते लाखो पावलांनी भरून जातात.

वाटेत खायचे कुठे? वस्त्यांमधून फिरून फिरून मी काही खुणा ओळखायला शिकले आहे. टॅक्सीवाले, हमाल, नाक्यावरचे मजूर जिथे उभे असतात तिथे उभे राहावे, कारण त्यांना वाईट खाऊन आजारी पडणे परवडत नाही. वड्यांचा घाणा सतत निघतो तीच गाडी निवडावी. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येणाऱ्या अण्णाची इडली घ्यावी. रात्री उशीर झाला तर भुर्जी-पाव आहेच. वडापावची सुरुवात 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी केली असे मानले जाते. धावतपळत कामावर जाणाऱ्या गिरणी कामगाराचे पोट त्याने भरले.

यातला पाव मला फार महत्त्वाचा वाटतो. विहिरीत पाव टाकला आणि अख्खे गाव बाटले, अशा कथा वसई-गोव्याकडे आजही सांगतात. ज्या पावाने धर्म बुडत होता, तोच पाव आज या शहराचे मुख्य अन्न झाला आहे. भट्टीवर कोणाचे हात होते हे कोणी विचारत नाही. उपदेशाने जे झाले नाही ते भुकेने आणि घाईने करून दाखवले.

ही गोष्ट किरकोळ वाटत असेल त्यांनी बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचावे. 1901 साली लहानगा भीम भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच गाडीवान त्यांना न्यायला तयार होईनात. दुप्पट भाड्यावर बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. जवळ डबा भरलेला होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून मुले उपाशी झोपली. प्रवास आणि अन्न या दोन्ही गोष्टी या देशात जातीने अडवून धरलेल्या होत्या. माझ्या आजीच्या गावात हॉटेलच्या मागे आमच्या लोकांसाठी वेगळी कपबशी असायची. चहा पिऊन ती आपणच विसळून ठेवायची.

म्हणून संविधानाचे कलम 15(2) मला कोरडे कायद्याचे वाक्य वाटत नाही. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापराला जात आड येणार नाही, असे ते सांगते. 1948 साली संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरल्याचे बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते. सेवा देऊ करणारा कोणीही त्यात येतो. या अर्थाने वडापावची गाडीसुद्धा दुकान आहे आणि तिच्यासमोरचा फुटपाथ हा रस्ता आहे. तिथे बिनदिक्कत उभे राहून खाणे म्हणजे मसूरच्या त्या उपाशी रात्रीला दिलेले उत्तर आहे.

पण इथेच थांबलो तर आपण स्वतःची फसवणूक करू. फुटपाथवर खाणाऱ्याची जात विचारत नाहीत, हे खरे. विकणाऱ्याची मात्र विचारतात. आमच्या कामातून ओळख झालेली एक ताई नाक्यावर झुणका-भाकर विकते. घरात बाबासाहेबांची मोठी तसबीर आहे. गाडीवर मात्र तिने कसलाच फोटो लावलेला नाही. मी कारण विचारले. ती म्हणाली, “पहिल्या आठवड्यात लावला होता गं. लोक यायचे, फोटो बघायचे आणि पुढच्या गाडीवर जायचे.” तिच्या भाकरीची चव एका आठवड्यात बदलली होती काय?

‘हातचे खाणे’ ही जातिव्यवस्थेची जुनी चौकी आहे. ती उठलेली नाही, फक्त गिऱ्हाइकाकडून विक्रेत्याकडे सरकली आहे. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांना नावाच्या पाट्या लावायला सांगितले गेले. पदार्थ कोणता ते सांगा, मालकाचे नाव सांगण्याची सक्ती नको, अशी भूमिका घेऊन सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नावात धर्म कळतो, आडनावात जात. पाटीचा हेतू तोच होता.

दुसरा हल्ला स्वच्छतेच्या आणि शिस्तीच्या नावाने होतो. फेरीवाल्यांमुळे चालता येत नाही, ही मध्यमवर्गाची आवडती तक्रार आहे. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली, आणि राग निघाला तो फेरीवाल्यांवर. फुटपाथ अडवून उभ्या असलेल्या मोटारींवर असा राग कधी निघालेला पाहिला आहे? गाडीशेजारून वाट काढता येते. मोटार मात्र मला रस्त्यावर ढकलते. चालणारा आणि विकणारा दोघेही पायावर उभे असलेले लोक आहेत. त्यांना एकमेकांविरुद्ध लढवण्यात फायदा तिसऱ्याचाच आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सोदान सिंग खटल्यात मान्य केले. त्यावर वाजवी निर्बंध असू शकतात, एवढेच. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवायला मनाई केली. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत, त्यांतील एक तृतीयांश महिला हव्यात, आणि अनुसूचित जाती-जमातींना योग्य प्रतिनिधित्व हवे. ही तरतूद आपल्या किती वस्त्यांना माहीत आहे? जयंतीची वर्गणी जमवणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपल्या वस्तीतील विक्रेत्या बायकांची यादी करावी, त्यांचे अर्ज भरून घ्यावेत आणि समितीच्या निवडणुकीत त्यांना उभे करावे. आणि रोजच्या वाटेवर आपल्या माणसाची गाडी असेल, तर तिथेच थांबून खावे, सोबतच्या मित्रांनाही खायला घालावे.

फुटपाथवरचा माझा अर्धा हक्क मला मिळाला आहे. मी कुठेही उभी राहून खाऊ शकते. बाबासाहेबांचा फोटो लावून त्या ताईचा सगळा माल संध्याकाळपर्यंत संपेल, तेव्हा उरलेला अर्धा मिळेल.

जय भीम!