'याला दुसऱ्या जागी खेळवा' : क्वार्टरबॅकची निवड आणि गुणवत्तेचा प्रश्न



जयंतीची धावपळ संपते न संपते तोच, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका शुक्रवारी मी पहाटे साडेपाचला उठून मोबाईलवर अमेरिकेतला एक कार्यक्रम बघत बसतो. घरात यावरून माझी भरपूर थट्टा होते. क्रिकेट सोडून हा कुठला खेळ, आणि त्यातही खेळ नाहीच, नुसती नावं वाचून दाखवतात, ती काय बघायची? थट्टा रास्त आहे. पण त्या नावं वाचण्याच्या कार्यक्रमाने मला 'गुणवत्ता' या शब्दाबद्दल जे शिकवलं, ते समाजशास्त्राच्या एम. ए.च्या दोन वर्षांनी शिकवलं नव्हतं. आणि त्याच गोष्टीने माझी स्वतःची एक चूकही उघडी पाडली. म्हणून हा लेख.

आधी खेळाविषयी थोडं. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. त्यात ३२ संघ आहेत. आपल्या आयपीएलसारखा लिलाव तिथे होत नाही. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत होते आणि गेल्या हंगामात सर्वांत मागे राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. याला ड्राफ्ट म्हणतात. मैदानावर सर्वांत महत्त्वाची जागा क्वार्टरबॅकची. चेंडू त्याच्या हातात येतो आणि दोन-तीन सेकंदांत त्याला समोरच्या बचावाचा डाव ओळखून ठरवावं लागतं, की चेंडू कोणाकडे फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचं. तो संघाचा मेंदू आणि संघाचा चेहरा, दोन्ही असतो.

म्हणून त्याची पारखही कडक. स्काऊट त्याचे कॉलेजातले सामने पुन्हापुन्हा बघतात. मग त्याची उंची, वजन, अगदी हाताच्या पंजाची रुंदीसुद्धा मोजली जाते. काही मिनिटांच्या मुलाखती होतात. कित्येक वर्षं 'वंडरलिक' नावाची बुद्धिचाचणी घेतली जायची, १२ मिनिटांत ५० प्रश्न. एवढा काटेकोरपणा बघून वाटतं, इथे तरी पक्षपाताला जागा नसेल. सगळं आकड्यांत आहे ना!

आता इतिहास बघा.

१९७० साली जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग या दोन समाजशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. बेसबॉल आणि फुटबॉलच्या संघांत कोण कोणत्या जागेवर खेळतो, एवढंच त्यांनी मोजलं. दिसलं असं, की कृष्णवर्णीय खेळाडू संघात होते, पण कडेच्या जागांवर. जिथे निर्णय घ्यायचे, इतरांना हलवायचं, त्या मधल्या जागांवर गोरे. समाजशास्त्रात याला पुढे 'स्टॅकिंग' असं नाव पडलं. प्रवेश दिला, पण जागा ठरवून दिली. पळायला तुम्ही, विचार करायला आम्ही. ही विभागणी वाचल्यावर तुमच्या-माझ्यासारख्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, ते दोन्हीकडच्या परिस्थितीतलं साम्य त्यांना दिसत होतं म्हणूनच.

१९६८ मध्ये डेन्व्हरच्या संघात मार्लिन ब्रिस्को या कृष्णवर्णीय तरुणाला क्वार्टरबॅक म्हणून खेळायची संधी मिळाली. पहिल्याच हंगामात त्याने १४ टचडाऊन पास दिले. पुढच्या वर्षी त्याला ती जागा मिळाली नाही. तो दुसऱ्या संघात गेला आणि रिसीव्हर झाला, म्हणजे चेंडू फेकणारा नव्हे, झेलणारा.

वॉरन मूनची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. १९७८ च्या जानेवारीत त्याने वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल हा मानाचा सामना जिंकून दिला आणि त्या सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा ड्राफ्टच्या १२ फेऱ्या होत. बाराही फेऱ्यांत एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. जागा बदलायला तो तयार नव्हता. मग तो कॅनडात गेला, एडमंटनच्या संघाने सलग पाच विजेतेपदं मिळवली, आणि १९८४ मध्ये एनएफएलला त्याला बोलवावं लागलं. २००६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथे पोहोचलेला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. ज्यांनी त्याला १२ फेऱ्यांत नाकारलं, त्यांच्याकडेही आकडे होतेच. डोळेही होते.

"हे जुनं झालं," असं कोणी म्हणेल. म्हणून २०१८ कडे येतो. त्या वर्षी मी पहिल्यांदा ड्राफ्ट बघितला. माझा मावसभाऊ बाल्टिमोरजवळ नोकरीला आहे, त्याने आग्रह केला. लमार जॅक्सन हे नाव मी त्याच्याकडूनच ऐकलं. या मुलाने २०१६ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च हाईसमन पुरस्कार मिळवला होता. तरीही ड्राफ्टआधी चर्चा अशी, की याला रिसीव्हर करा. बिल पोलियन हे तिथले फार मोठे नाव, संघबांधणीतले जाणते. त्यांनीही जाहीरपणे हेच सांगितलं. लमार ठाम राहिला. त्याने ४० यार्डांच्या शर्यतीत वेळ द्यायलाच नकार दिला. पायांचं कौतुक झालं की हात बघायचा राहतो, हे त्याला पक्कं कळलं असावं.

त्याच्याबद्दलचा मुख्य आक्षेप होता अचूकतेचा. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. कॉलेजच्या शेवटच्या हंगामात लमारचे सुमारे ५९ टक्के पास पूर्ण झाले होते. वायोमिंगच्या जॉश अॅलनचे सुमारे ५६ टक्के. अॅलन गोरा, उंचापुरा, दणकट हाताचा. त्याच्या अचूकतेवरही टीका झाली, नाही असं नाही. पण त्याला जागा बदलायला कोणी सांगितलं नाही. त्याचं वर्णन 'कच्चा आहे, पण घडवता येईल' असं झालं. अॅलन सातव्या क्रमांकावर गेला. त्या दिवशी लमारच्या आधी चार क्वार्टरबॅक निवडले गेले, चारही गोरे. लमार पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२ व्या क्रमांकावर.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या हंगामात लमार लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तोही एकमताने. २०२३ मध्ये पुन्हा ठरला. पोलियन यांनी २०१९ मध्ये आपली चूक मान्य केली. हा त्यांचा मोठेपणा म्हणू. आपल्याकडे असे किती 'जाणते' चूक मान्य करतात?

इथे एक प्रामाणिक प्रश्न येतो. अॅलनही पुढे थोर खेळाडू झाला, २०२४ च्या हंगामात तोही सर्वोत्तम ठरला. मग त्याला निवडणारे चुकले कुठे? माझं उत्तर असं, की ते चुकलेच नाहीत. कच्च्या मुलात पुढची शक्यता बघणं, त्याला वेळ देणं, चांगला प्रशिक्षक देणं, हेच योग्य मूल्यमापन आहे. अॅलन त्याचा पुरावा आहे. तक्रार एवढीच, की ही 'शक्यता' कोणात दिसते आणि कोणात दिसत नाही? एकाची उणीव दुरुस्त होणारी आणि दुसऱ्याची उणीव म्हणजे त्याची जात, असं का? एकाला संधी मिळते ती उद्या तो काय होईल यावर. दुसऱ्याला मात्र काल काय केलं ते सिद्ध करूनही पुरत नाही.

अपयशाचंही तसंच. १९९८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला रायन लीफ सपशेल अपयशी ठरला. ते अपयश रायन लीफचं होतं. त्याच्यामुळे गोऱ्या क्वार्टरबॅकांच्या बुद्धीविषयी कोणी शंका घेतली नाही. २००७ मध्ये पहिला निवडलेला जमार्कस रसेल, कृष्णवर्णीय, तोही अपयशी ठरला. पण त्याचं नाव पुढच्या कितीतरी मुलांच्या गळ्यात अडकवलं गेलं. ज्याला माणूस म्हणून मोजतात, त्याचं अपयश त्याच्यापुरतं राहतं. ज्याला समूह म्हणून मोजतात, त्याच्या अपयशाची किंमत त्याच्या मागून येणारे मोजतात.

आणि चाचण्या? डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं, की क्वार्टरबॅक कितव्या क्रमांकावर निवडला जातो त्यावर मोजमापांचा प्रभाव पडतो, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पुढच्या प्रत्यक्ष खेळाशी फारसा संबंध नसतो. टॉम ब्रॅडी २००० मध्ये १९९ वा निवडला गेला होता, आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. वंडरलिक चाचणी २०२२ पासून बंद झाली. पण २०२३ मध्ये दुसऱ्या एका चाचणीचे सी. जे. स्ट्राऊडचे कमी गुण फुटले आणि त्याच्या डोक्याविषयी चर्चा सुरू झाली. तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच हंगामात आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला.

आकड्यांतही जात लपते याचं सर्वांत भयंकर उदाहरण निवडीतलं नाही, निवृत्तीनंतरचं आहे. डोक्याला मार लागून मेंदू दुखावलेल्या माजी खेळाडूंना भरपाई देताना कृष्णवर्णीयांची मूळ बौद्धिक पातळी कमी धरण्याची पद्धत वापरली जात होती. मुळातच कमी, म्हणजे घट कमी, म्हणजे भरपाई मिळणं अवघड. माजी खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा कुठे २०२१ मध्ये लीगने ही पद्धत बंद करण्याचं मान्य केलं.

बदल झालाच नाही असं मी म्हणत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सुपर बोलच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते, पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या चार निवडींत तीन कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक होते. हे कोणाच्या दयेने झालं नाही. मूनने जागा बदलायला नकार दिला, डग विल्यम्सने १९८८ मध्ये सुपर बोल जिंकून दाखवला, लमार अडून बसला, म्हणून झालं.

आणखी एक गोष्ट. लमारला ३२ व्या क्रमांकावर घेणाऱ्या बाल्टिमोरचे जनरल मॅनेजर होते ओझी न्यूसम, एनएफएलमधले पहिले कृष्णवर्णीय जनरल मॅनेजर. तो त्यांचा शेवटचा ड्राफ्ट. निवडीच्या खोलीत आपला माणूस असला की फरक पडतो, असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. पण पूर्ण सत्य असं, की त्याच फेरीत २५ व्या क्रमांकावर न्यूसम यांच्या संघानेही आधी दुसराच खेळाडू घेतला होता. आपला माणूस खोलीत असणं आवश्यक आहे, पुरेसं नाही.

हे मी कशावरून म्हणतो? माझ्यावरून.

आम्ही काही कार्यकर्ते मिळून एक छोटी शिष्यवृत्ती चालवतो. पैसे थोडे, अर्ज बरेच. निवड समितीत मी असतो. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. हळू आवाजात बोलायची, उत्तरं त्रोटक. मी कागदावर लिहिलं, 'आत्मविश्वास कमी.' तिच्यानंतर एक मुलगा आला, इंग्रजी माध्यमातला, आपल्यातलाच. त्यालाही दोन प्रश्न आले नाहीत, पण तो हसून, डोळ्याला डोळा देऊन बोलला. मी लिहिलं, 'घडवता येईल.' शिष्यवृत्ती त्याला मिळाली.

पुढच्या जयंतीला वस्तीतल्या अभ्यासिकेचा हिशेब कोण बघतं म्हणून चौकशी केली, तर तीच मुलगी. वही बघितली. एक रुपया इकडचा तिकडे नाही. कार्यक्रम संपल्यावर तिने विचारलं, "दादा, त्या दिवशी आम्ही लेखी पण दिलं होतं. माझा पेपर वाचला होता का?"

मुलाखतीआधी अर्धा तास आम्ही सगळ्यांना अभ्यासिकेचं अंदाजपत्रक करायला दिलं होतं. घरी येऊन फाईल काढली. तिचा पेपर सगळ्यांत चांगला होता. त्यावर कोणाचीही खूण नव्हती. मी तो वाचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." एवढंच. त्या वर्षाचं तिचं नुकसान मी भरून देऊ शकलो नाही.

पोलियनवर टीका करणं सोपं होतं. ज्या मोजपट्टीने आपल्याला शतकानुशतकं मोजलं, ती मी खिशात घेऊन फिरत होतो, हे कबूल करणं अवघड गेलं. आवाज, उभं राहण्याची ढब, इंग्रजी, नजर, यांना आपणही गुणवत्ता म्हणू लागलो, तर मग आपण त्या खोलीत बसून उपयोग काय?

आता आमच्या समितीत तीन नियम आहेत. लेखी काम नाव झाकून, मुलाखतीच्या आधी वाचायचं. 'आत्मविश्वास', 'व्यक्तिमत्त्व' असे शब्द लिहायचे नाहीत. त्याने किंवा तिने काय केलं, काय सांगितलं, ते लिहायचं. आणि एकाची उणीव 'घडवता येईल' असं म्हटलं, तर तशीच उणीव असलेल्या दुसऱ्याला तो शेरा का नाही, याचं कारण लिहून द्यायचं. तिसरा नियम लमार आणि अॅलनचा आहे. समितीतल्या बाकीच्यांना ही नावं ठाऊक नाहीत. नियम मात्र पाळतात.

तुमच्यापैकी अनेक जण आज अशा खोल्यांत बसता. बँकेत, शाळेत, संस्थेत, संघटनेच्या कार्यकारिणीत. आपल्या पोरांना कडेच्या जागा देऊन सतरंज्या उचलायला लावणारे फक्त बाहेरचेच असतात का, हे एकदा आपापली फाईल काढून तपासा.

जयभीम.