तुझ्या पगाराचं काय केलंस?

धुळे

चि. संजय,


काल अक्काचा फोन आला आणि रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सातपूरची नोकरी सोडतोस, दहाटायर गाडी बुक केलीस, कर्जाच्या मार्जिनसाठी तिच्या बांगड्याही मागून घेतल्यास. आणि मला विचारतोस ते हे सगळं ठरवून झाल्यावर: "मामा, खर्च जाऊन महिना साठ हजार सुटतात ना?" अरे, हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायचा. माझा जन्म ट्रान्सपोर्टच्या वह्या लिहिण्यात गेला, तो कुणाच्या उपयोगी पडायचा?

साठ हजार सुटतात म्हणणारा तुझा मित्र खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. हप्ता, डिझेल, टोल, वराई, दलाली जाऊन त्याच्या खिशात साठ हजार येत असतील. पण गाडी तो स्वतः चालवतो ना? ड्रायव्हर ठेवला असता तर पगार आणि भत्ता मिळून 25,000 सहज गेले असते. ते आधी बाजूला काढ. ती त्याची मजुरी, गाडीची कमाई नव्हे. राहिले 35,000. आता टायर घे. दहा टायर, एकेक वीस हजाराचा धर. रिमोल्ड करून लाखभर किलोमीटर ओढलेस तरी महिना आठ हजार किलोमीटरला 16,000 रुपयांचे टायर झिजतात. ते पैसे त्या महिन्यात कुणी मागायला येत नाही, म्हणून नफा वाटतात. मग विमा. 20 ते 40 टनांच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी 2022 च्या दरपत्रकाप्रमाणे 43,950, त्यावर गाडीचा स्वतःचा विमा, नॅशनल परमिटचे 16,500, टॅक्स, पासिंग. महिन्याला दहा हजार धर. हाती किती राहिले? नऊ. त्यातून क्लचप्लेट, पाटे, युरियाच्या टाकीचा सेन्सर. आणि एखाद्या महिन्यात गाडी पंधरा दिवस उभी राहिली की हप्ता घरातून.

हप्ता फिटला की गाडी आपलीच, असं तू अक्काला सांगितलंस म्हणे. 30 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता 64,500 च्या आसपास बसतो. गाडी तुझी होईल खरी, पण तेव्हा ती लाखो किलोमीटर पळालेली असेल. हप्त्यातलं मुद्दल बरंचसं घसाऱ्यातच जातं, हे लक्षात घे. इन्कम टॅक्सचा नियम बघ. दहापर्यंत गाड्या असलेल्याने वह्या ठेवल्या नाहीत तर 12 टनांवरच्या गाडीला टनामागे महिना 1,000 रुपये उत्पन्न धरतात, गाडी पळो की उभी राहो. तुझी गाडी साडेअठ्ठावीस टनांची, म्हणजे 28,500. कायदासुद्धा मालकाच्या हाती ड्रायव्हरच्या पगाराएवढंच धरून चालतो!

तुझ्या आजोबांशी माझी भांडणं व्हायची ती या न धरलेल्या मजुरीवरूनच. कापूस विकून आले की म्हणायचे, एवढे सुटले. अरे पण आईची वेचणी, अक्काची निंदणी, ती कुठे मांडली? आता कृषी मूल्य आयोग तरी खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतो. मालेगावचा लूमवाला धरत नाही, किराणावाला धरत नाही, गाडीवाला तर नाहीच नाही. आणि स्वतःची मजुरी न धरणारी माणसंच एकमेकांचा भाव पाडतात. इंदूरला गाडी खाली झाली, परतीचं भाडं नाही, दोन दिवस ढाब्यावर गेले. मग एक जण म्हणतो, डिझेल निघालं तरी भरतो. दलालाला तेवढंच हवं असतं. त्या दिवशी तोच भाव ठरतो आणि मागच्या दहा गाड्यांना त्याच भावात भरावं लागतं. 2018 च्या जुलैत दहाटायरच्या वजनाची मर्यादा 25 टनांवरून 28.5 वर गेली, तेव्हा आमच्या ऑफिसात एकाने पेढे वाटले होते. साडेतीन टन जास्त, तेवढं भाडं जास्त! पण तेवढ्याच मालाला गाड्या कमी लागू लागल्या, टनाचा भाव उतरला आणि फायदा माल पाठवणाऱ्याच्या पदरात पडला.

भाडं मिळालं तरी पैसे मिळाले असं नाही. भाड्याच्या बॅलन्ससाठी आमच्या बाकड्यावर बसलेली माणसं मला अजून दिसतात. पोच घामाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवलेली. मागच्या बाजूला गोदामवाल्याचा शेरा, "दोन गोण्या ओल्या". झालं, तेवढे कापले. टायरवाल्याला त्या पैशांवर तारीख दिलेली असायची.

कमावणारे नाहीतच असं नाही. ज्यांना एखाद्या कारखान्याचं दोन्ही बाजूंचं लोडिंग बांधून मिळालंय, ज्यांच्या चार-पाच गाड्या आहेत आणि मिस्त्री घरचा आहे, ते टिकतात. तुझ्याकडे यातलं काय आहे ते मला सांग.

आणि खरं सांगू? पैशांपेक्षा मला तुझी झोप जास्त छळते. नऊ हजारांचे वीस करायचे तर माणूस काय करतो हे मी पाहिलंय. एक फेरी वाढवतो, क्लीनर काढून टाकतो, कसारा घाट पहाटे तीनला उतरतो. पगारी ड्रायव्हरला निदान "आज जमणार नाही" म्हणता येतं. तुला कुणाला म्हणता येणार? हप्त्याची तारीख तर तुलाच माहीत असणार. सूनबाईला दिवस गेलेत, हे तरी तुझ्या हिशेबात आहे का?

कर्जाच्या कागदांवर सही झाली नसेल तर थांब. बुकिंगचे पैसे बुडाले तर बुडू देत, मी भरून देईन. सही झाली असेल तर लोडिंग कुणाचं, किती दिवसांनी पेमेंट, लेखी काय आहे, ते सगळे कागद घेऊन रविवारी इकडे ये. पहिल्या दिवसापासून गाडीची वही वेगळी ठेवू आणि तुझा पगार तिच्यात खर्चाच्या बाजूला लिहू. अक्काच्या बांगड्या मात्र त्याआधी तिच्या तिला परत कर. आणि येताना बसने ये, रात्री बाईक काढू नकोस.

तुझा,
मामा