खोलीमालकाची सही

मंडळी, आज सिद्धेश्वर धरण सोडून जरा जर्मनीवर लिहितो. पुतण्या आणि सूनबाई श्टुटगार्टला जाऊन दोन महिने झाले. तिथं राहायला गेलं की दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, आणि त्यासाठी घरमालकाचा सहीचा कागद लागतो. यांचा खोलीमालक सहीच देईना. नोंदणी नाही म्हणून कर क्रमांक नाही, बँकेतही काम अडलं. आपल्याकडं भाड्याची साधी पावती तरी कोण मागतं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा मी बातमी कौतुकानं छापली होती. या कागदाचा पत्ता मलाही नव्हता. पोरांना जर्मन शिकवताय, चांगलंच आहे. पण व्याकरणासोबत हा कागदही वर्गात दाखवा की!

शेवटी दुसरी खोली मिळाली, सही मिळाली. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच दूध-पीठ भरून ठेवतात. पाण्याची रिकामी बाटली दुकानात परत दिली की २५ सेंट मिळतात. सूनबाई त्या जपून ठेवते. काल व्हिडिओ कॉलवर तिनं पहिलं विचारलं, "काका, धरणात पाणी किती आहे?"