दोष परत आणून दाखवायचा

रास्पबेरी पायसारख्या छोट्या लिनक्स बोर्डावर जुने गेम खेळायचे, तर बिनतारी कंट्रोलर जुळवण्याची एकेक पायरी आपल्यालाच समजून घ्यावी लागते. मला या कामाची गोडी लागली ती त्यामुळेच.

सुरुवात मी तारेने करतो. यूएसबी केबल जोडायची, टर्मिनलवर ‘ईव्हीटेस्ट’ चालवायचं आणि एकेक बटण दाबून बघायचं. उजवीकडच्या चार बटणांतलं खालचं दाबलं की पडद्यावर ३०४ उमटतं. दाबताना पुढे १, सोडताना ०. हे आकडे आले म्हणजे बटणं शाबूत आहेत. आता शोधायची ती हवेतली वाट.

तिथे ‘ब्लूटूथसीटीएल’मध्ये तीन आज्ञा द्यायच्या: पेअर, ट्रस्ट, कनेक्ट. मधली ‘ट्रस्ट’ बरेच जण गाळतात. त्या दिवशी सगळं चालतं. दुसऱ्या दिवशी कंट्रोलर आपणहून जोडला जात नाही आणि संशय बॅटरीवर जातो.

माणमधल्या आमच्या सोसायटीतल्या आठवीतल्या मुलाचं दुखणं याहून अवघड होतं. “काका, कनेक्ट होतो, पण खेळता खेळता मध्येच सुटतो.” हिंजवडीच्या फेज थ्रीलगतच्या या टॉवरांत घरोघरी वायफाय, आणि ब्लूटूथही त्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातलं. पण ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १,६०० उड्या मारतं, गजबजलेले चॅनेल टाळतं. नुसत्या शेजारच्या वायफायने एवढं बिघडू नये. मग नजर गेली गेम साठवलेल्या एसएसडीकडे. ती यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात, बोर्डाला खेटून होती. यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. लांब केबल लावून डिस्क हातभर दूर ठेवली. कंट्रोलर सुटायचा थांबला.

मग मी डिस्क पुन्हा बोर्डाजवळ आणली. कंट्रोलर अडखळला. दूर नेली; सुरळीत. मुलाचे वडील चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहेत. ते लगेच म्हणाले, “लाईनवर आम्ही हेच करतो. डिफेक्ट हवा तेव्हा आणता आला आणि घालवता आला, तरच तो रूट कॉज.”

या कामातलं माझं सगळ्यात पक्कं मत हेच आहे. कुणी सांगतं ब्लूटूथचा ‘ईआरटीएम’ मोड बंद करा, कुणी फर्मवेअर बदला, कुणी कर्नल अपडेट करा. तिन्ही एकदम केलं तर कंट्रोलर चालेलही, पण गुण कशाने आला ते कळणार नाही, आणि पुढच्या अपडेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, दोष परत आणून बघावा आणि कारण लिहून ठेवावं. अशा छोट्या सिस्टिम वापरणारे थोडे. एकाने नीट शोधलेलं कारण त्या सगळ्यांच्या कामी येतं.